ॲप कंपन्यांत पैसे घालावेत का? नवख्या नागपूरकर गुंतवणूकदारासाठी

उत्तर आधी सांगून टाकतो. घालावेत, पण थोडे; आणि शेअर बाजारात लिस्ट झालेल्या कंपनीत, तेही लिस्टिंगला सहा-आठ महिने उलटल्यावर. आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकते तेव्हा, क्वचित. लिस्ट न झालेल्या शेअरमध्ये जवळपास नाहीच. ओळखीच्या मुलाच्या स्टार्टअपला द्यायचे असतील, तर ते परत आले नाहीत तरी त्याच्या घरच्या लग्नाला हसतमुखाने जाता येईल एवढेच.

तरुण इंटरनेट कंपनी बहुधा तोट्यात असते, आणि तो तोटा ठरवून केलेला असतो. कूपन, फुकट डिलिव्हरी आणि जाहिराती यांवर पैसा उडवून आधी गिऱ्हाईक गोळा करायचं, वसुली नंतर. इतवारीतल्या दुकानदाराला दोन-तीन वर्षं तोटा झाला तर तो शटर ओढतो. इथे दहा वर्षं तोटा होऊनही कंपनी चालते, कारण खर्च दुसऱ्यांनी दिलेल्या भांडवलातून होत असतो. पैसे परत मिळायची वेळ आली की या 'दुसऱ्यांची' एक रांग लागते. त्या रांगेत आपण कितवे, हे पुढच्या प्रत्येक पायरीवर तपासायचं आहे.

पहिली पायरी: कंपनी बघण्याआधी रक्कम ठरवा

सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत किंवा लिक्विड फंडात आहे का? क्रेडिट कार्डाची थकबाकी, पर्सनल लोन डोक्यावर आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' किंवा दुसऱ्याचं 'हो' असेल, तर हा लेख वर्षभर बाजूला ठेवा.

दोन्ही बाजू ठीक असतील तर शेअर आणि इक्विटी फंड मिळून तुमची जेवढी गुंतवणूक आहे, तिच्या पाच टक्क्यांची मर्यादा घाला. दहा लाख असतील तर पन्नास हजार. हा आकडा कुठल्या नियमात लिहिलेला नाही, पण तो सगळा बुडाला तरी उरलेले साडेनऊ लाख साडेपाच टक्के वाढले की भरून निघतो, म्हणून सोयीचा आहे. ही रक्कम एकदम लावायची नाही. दोन-तीन कंपन्यांत, वर्ष-दीड वर्षात, तुकड्यांनी लावायची.

आणि एक विसरू नका: निफ्टी ५० चा इंडेक्स फंड तुमच्याकडे असेल तर अशी एक कंपनी तुमच्याकडे आधीच आहे. झोमॅटो मार्च २०२५ मध्ये निफ्टीत गेली (तिचं नाव आता इटर्नल आहे). काहींना तेवढं पुरेसं असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी पायरी: आयपीओचा अर्ज, आणि तो कुठे फसतो

अर्ज करणं सोपं आहे. डिमॅट खातं, पॅन, स्वतःच्या बँक खात्याला जोडलेला यूपीआय आयडी. ब्रोकरच्या ॲपवर लॉटची (शेअरच्या ठरावीक गठ्ठ्यांची) संख्या टाकायची, किमतीच्या जागी 'कट-ऑफ', म्हणजे शेवटी जो भाव ठरेल तो, निवडायचं. पैसे खात्यातून जात नाहीत, फक्त अडवून ठेवले जातात. लॉट लागला तरच कापले जातात. इश्यू बंद झाल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर लिस्ट होतो. एक लॉट साधारण चौदा-पंधरा हजारांचा, आणि दोन लाखांपर्यंतचा अर्ज किरकोळ गुंतवणूकदारांच्या वाट्यात धरला जातो.

अर्ज बाद होतात ते अशा कारणांनी. यूपीआयची मँडेट विनंती येते आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मंजूर करायची राहून जाते. बायकोच्या डिमॅटचा अर्ज नवऱ्याच्या यूपीआयवरून केला जातो. दुसऱ्याच्या खात्यातले पैसे चालत नाहीत, अर्ज रद्द होतो. किंवा एकाच पॅनवर दोन ब्रोकरकडून अर्ज होतात, की दोन्ही बाद. घरातल्या चौघांनी अर्ज करायला हरकत नाही, मात्र चौघांचे पॅन, डिमॅट आणि बँक खातं आपापलं हवं.

तोट्यातल्या कंपन्यांसाठी सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, वेगळा नियम आहे. नफ्याचा ठरावीक इतिहास असलेल्या कंपनीच्या इश्यूत किरकोळ गुंतवणूकदारांना किमान ३५ टक्के वाटा असतो. तो इतिहास नसेल तर जास्तीत जास्त १० टक्के, आणि किमान ७५ टक्के मोठ्या संस्थांकडे जातो. म्हणजे जिच्यावर सगळे तुटून पडलेत अशा ॲप कंपनीचा लॉट लॉटरीत लागण्याची शक्यता मुळातच कमी. उलट लॉट अगदी सहज लागला, तर जरा थांबून विचार करा, की इतरांना तो का नको होता? पेटीएमच्या १८,३०० कोटींच्या इश्यूला नोव्हेंबर २०२१ मध्ये दुप्पटही मागणी आली नव्हती. २,१५० रुपयांचा शेअर १,९५० ला उघडला आणि त्याच दिवशी १,५६० च्या आसपास बंद झाला.

ग्रे मार्केट प्रीमियमकडे, म्हणजे लिस्टिंगआधी बाजाराबाहेर बोलल्या जाणाऱ्या वरच्या भावाकडे, बघून अर्ज करू नका. तो आकडा कुठल्याही एक्स्चेंजवर ठरत नाही.

एसएमई इश्यू, म्हणजे छोट्या-मध्यम कंपन्यांचे आयपीओ, नवख्यांसाठी नाहीतच. तिथे आता किमान अर्जच दोन लाखांच्या वर जातो, आणि नंतर विक्रीही लॉटमध्येच करावी लागते.

तिसरी पायरी: माहितीपत्रकातली पाच पानं

माहितीपत्रक चारशे-पाचशे पानांचं असतं. सेबीच्या वेबसाइटवर आणि एक्स्चेंजवर फुकट मिळतं. सगळं वाचायची गरज नाही.

सर्वात आधी पैसा कोणाकडे जातोय ते बघा. 'फ्रेश इश्यू'चा पैसा कंपनीत येतो. 'ऑफर फॉर सेल'चा पैसा जुन्या भागधारकांच्या खिशात जातो. झोमॅटोच्या ९,३७५ कोटींत ९,००० कोटी कंपनीकडे गेले, जुन्या भागधारकाने फक्त ३७५ कोटींचे विकले. पेटीएमच्या १८,३०० कोटींत १०,००० कोटी जुन्यांचे होते. रांगेत पुढे असलेले इतक्या संख्येने बाहेर पडत असताना आपण आत शिरतोय, हे निदान माहीत हवं. यावरून भाव ठरतो असं मात्र नाही. नायकाच्या इश्यूत ऑफर फॉर सेलचाच हिस्सा मोठा होता, तरी १,१२५ चा शेअर २,०१८ ला उघडला. पण ती कंपनी तेव्हा थोड्याफार नफ्यात होती.

दुसरं, 'निधीचा विनियोग'. गोदामं, तंत्रज्ञान, कर्जफेड असं काही ठोस लिहिलंय, की 'भविष्यातली अधिग्रहणं आणि सर्वसाधारण कॉर्पोरेट कारणं' एवढंच?

तिसरं, रोख प्रवाहाचा तक्ता. त्यातली 'कामकाजातून आलेली रोकड' ही ओळ तीन वर्षांची लिहून काढा. तोटा दरवर्षी घटतोय आणि विक्री वाढतेय, हे चित्र ठीक. विक्री दुप्पट आणि तोटाही दुप्पट, तर धंदा मोठा झालेला नाही, कूपन मोठं झालंय.

चौथं, नफा असेल तर तो कुठून आला? 'इतर उत्पन्न' ही ओळ शोधा. झोमॅटोने २०२३-२४ मध्ये पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा दाखवला, ३५१ कोटी. त्याच वर्षी इतर उत्पन्न ८४७ कोटी होतं, मुख्यतः पडून असलेल्या पैशावरचं. म्हणजे व्याज वगळलं तर मुख्य धंदा अजून तोट्यातच होता. यात लपवाछपवी काही नाही, ताळेबंदात सगळं छापलेलं असतं. मथळा वाचून थांबणाऱ्याला दिसत नाही इतकंच. 'ॲडजस्टेड एबिटडा' (व्याज, कर, घसारा आणि कंपनी ठरवेल ते आणखी काही खर्च वगळून काढलेला नफा) या शब्दाशीही असंच वागा: त्यातून काय काय वगळलं ते तळटीपेत असतं. कर्मचाऱ्यांना दिलेल्या ईसॉपचा (कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काचा) खर्च तिथे हमखास सापडतो.

पाचवं, जोखमींचं प्रकरण. त्यातली निम्मी कलमं वकिली साच्याची असतात. एकाच नियामकावर, एकाच मोठ्या ग्राहकावर किंवा एकाच बँकेवर धंदा टांगलेला आहे का, तेवढं शोधा. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा त्या बँकेवर विसंबून असलेल्या लिस्टेड कंपनीचा शेअर मे महिन्यापर्यंत ३१० च्या आसपास उतरला.

चौथी पायरी: लिस्टिंगनंतरचं कॅलेंडर

इथे घाई न करणाऱ्याचा फायदा होतो. जुन्या भागधारकांचे शेअर काही काळ कुलूपबंद असतात. अँकर गुंतवणूकदारांचे (इश्यू उघडण्याआधी शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) निम्मे शेअर ३० दिवसांनी सुटतात, उरलेले ९० दिवसांनी. प्रवर्तक (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणारे) नसलेल्या जुन्या भागधारकांचे सहा महिन्यांनी (२०२१ च्या ऑगस्टपूर्वी हा काळ एक वर्षाचा होता). प्रवर्तकांच्या किमान २० टक्के हिश्श्याला साधारणपणे १८ महिने. ही कुलुपं उघडली की बाजारात एकदम माल येऊ शकतो.

झोमॅटोचा आलेख समोर ठेवा. इश्यू ७६ ला, २३ जुलै २०२१ ला उघडला ११५-११६ ला, नोव्हेंबरात १६९. पुढच्या वर्षी २३ जुलैला एक वर्षाचं कुलूप उघडलं आणि त्यानंतरच्या आठवड्यात शेअर ४१ च्या खाली गेला. १६९ ला घेतलेल्याला नुसती मुद्दल परत मिळायला शेअर चौपटीहून जास्त वाढायला हवा होता. तो वाढलाही, २०२४ संपताना २७८ च्या आसपास होता. पण मधली अडीच वर्षं हा माणूस दर महिन्याला तोटा बघत होता, आणि बहुतेक जण अशा वेळी तळाशीच विकतात.

म्हणून आमची पद्धत अशी: लिस्टिंगनंतरचे दोन तिमाही निकाल येऊ द्या, सहा महिन्यांचं कुलूप उघडू द्या, मग ठरवलेल्या रकमेचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा घाला. लिस्टिंगच्या दिवशीचा फायदा हुकतो, खरं आहे. लॉट लागला असता तरच तो मिळणार होता.

पाचवी पायरी: लिस्ट न झालेले शेअर

'आयपीओ येणारच आहे, आधीच घेऊन ठेवा' असं सांगून दलाल हे शेअर विकतात. व्यवहार एका डिमॅटमधून दुसऱ्या डिमॅटमध्ये थेट होतो, एक्स्चेंज मध्ये नसतं. त्यामुळे पैसे दिले आणि शेअर आले नाहीत तर सौदा पुरा करून देणाऱ्या क्लिअरिंग हाऊसची हमी नाही. भाव दलाल सांगेल तो. दोन दलालांना विचाराल तर दोन भाव मिळतील, आणि विकायला गेलात तर तिसराच. वर आयपीओ आला तरी हे शेअर सहा महिने विकता येत नाहीत.

बाजारबाह्य भाव किती फसवा असू शकतो याचं उदाहरण इंटरनेट कंपनीचं नाही, पण बोलकं आहे. एचडीबी फायनान्शियलचे शेअर लोकांनी १,२०० च्या वर घेतले होते. जून २०२५ मध्ये इश्यूचा भाव निघाला ७४०.

सहावी पायरी: ओळखीच्या मुलाचं स्टार्टअप

परसोडीच्या आयटी पार्कमध्ये छोटं ऑफिस, व्हीएनआयटीतून निघालेली दोन पोरं, एक ॲप. वडील तुमचे जुने सहकारी. "भाऊ, घरचाच पोरगा आहे, पाच लाख टाकून द्या." खरी जोखीम इथे आहे, कारण इथे माहितीपत्रकही नसतं आणि विकायला बाजारही नसतो.

आधी धंद्याचं गणित मागा, एका ऑर्डरचं. समजा ॲप नागपुरी संत्र्याची पाच किलोची पेटी पुण्याला घरपोच देतं. गिऱ्हाईक देतं ७५० रुपये. शेतकऱ्याला ३००, खोका आणि जाळी ४५, कुरिअर १९०, पेमेंट गेटवेचे १५, सडलेल्या फळांच्या परताव्यापोटी सरासरी ६०. उरले १४०. पहिल्या ऑर्डरवर शंभराचं कूपन, म्हणजे राहिले ४०. आणि ते गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर ४२० खर्च झाले, तर पहिल्याच पेटीत ३८० चा खड्डा. तो भरायला त्याच गिऱ्हाइकाने कूपन न घेता आणखी तीन पेट्या मागवायला हव्यात. अंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. मे ते सप्टेंबर पेटीत भरायला आहे काय? या प्रश्नाला पोरांकडे आकड्यांत उत्तर असेल तर पुढे बोला. 'एकदा स्केल झालं की' अशी सुरुवात झाली तर चहा घ्या आणि निघा.

मग रनवे, म्हणजे बँकेतला पैसा किती महिने पुरेल. नव्वद लाख शिल्लक, महिन्याला निव्वळ नऊ लाख जातात, तर दहा महिने. नवा गुंतवणूकदार मिळवायला सहा महिने सहज लागतात. हातात खरे चारच आहेत.

आता कागद. कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणीचा क्रमांक मागा, एकवीस अक्षरांचा. पहिलं अक्षर यू म्हणजे लिस्ट न झालेली, मग उद्योगाचे पाच आकडे, मग महाराष्ट्राची एमएच ही दोन अक्षरं, मग स्थापनेचं वर्ष, मग पीटीसी म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. 'सात वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याचं स्थापना-वर्ष गेल्या सालचं निघालं तर तिथेच कळतं. सीआयएनऐवजी एलएलपीचा (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा) क्रमांक दिला, तर तिथे शेअर हा प्रकारच नसतो. तुम्हाला नेमकं काय विकलं जातंय ते विचारा. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून कंपनीचे दाखल कागद बघता येतात. मागच्या वर्षाचा ताळेबंद दाखलच झालेला नसेल तर कारण लेखी घ्या. 'सरकारमान्य स्टार्टअप' हे प्रमाणपत्र नोंदणीचं आहे, गुणवत्तेचं नाही.

खासगी कंपनी शेअर विकते तेव्हा तिला कंपनी कायद्याचं कलम ४२ पाळावं लागतं. तुमच्या नावाचं पास-४ हे ऑफरपत्र हवं. पैसे तुमच्याच बँक खात्यातून जायला हवेत, रोख चालत नाही. साठ दिवसांत शेअर द्यायला हवेत, नाहीतर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत, तेही नाही झालं तर १२ टक्के व्याजासह. शेअर दिल्यावर पंधरा दिवसांत पास-३ हा फॉर्म भरायचा, आणि तो भरेपर्यंत कंपनीला तो पैसा वापरता येत नाही. एका वर्षात दोनशेपेक्षा जास्त लोकांना अशी ऑफर देता येत नाही, जाहिरातही करता येत नाही. म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी 'आमच्या स्टार्टअपचे शेअर घ्या' ही पोस्ट तिथेच नियमाबाहेर जाते. 'कन्व्हर्टिबल नोट' (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) म्हणून दोन लाख मागितले तरी सावध व्हा: ती नोट फक्त मान्यताप्राप्त स्टार्टअपला देता येते, आणि माणशी किमान पंचवीस लाखांची लागते.

सगळे कागद चोख असले तरी रांग उरतेच. पन्नास लाखांच्या फेरीत तुमचे पाच लाख. कंपनीचं मूल्य धरलं पाच कोटी. तुमचा वाटा एक टक्का. पुढच्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराने २० टक्के घेतले, मग १० टक्के ईसॉपला गेले, मग आणखी एकाने २० टक्के घेतले. तुमचा वाटा ०.५७६ टक्के झाला. नंतरच्या दोघांनी मिळून बारा कोटी घातले, आणि त्यांच्या करारात 'आमची मुद्दल आधी' असं कलम आहे. कंपनी पंधरा कोटींना विकली गेली, म्हणजे तुम्ही घेतलंत तेव्हाच्या तिप्पट मूल्याला. पेढे वाटायचं कारण. पण बारा कोटी त्यांचे. उरलेल्या तीन कोटींत बाकीच्या ६५.६ टक्के मालकांमध्ये तुमचा हिस्सा सुमारे २ लाख ६३ हजार. पाचाचे अडीच.

हे कलम 'लिक्विडेशन प्रेफरन्स' या नावाने भागधारक करारात असतं. करार मराठीत समजावून सांगेल अशा सीएला किंवा कंपनी सेक्रेटरीला दाखवा. दहा-पंधरा हजार गेले तरी पाच लाखांपुढे ते काही नाहीत.

मोठ्या नावानेही हुरळून जाऊ नका. बायजूजचं मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर लावलं गेलं होतं. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक सोडून गेले, जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कर्ज देणारे रांगेत भागधारकांच्या पुढे असतात, कितीही नामांकित भागधारक असले तरी.

सातवी पायरी: फसवणूक आणि धंद्यातली जोखीम यांत गल्लत नको

२०१३-१४ मध्ये चढ्या परताव्याच्या योजनांत नागपूरच्या हजारो घरांचे पैसे गेले. त्या योजना कागदावर छापलेल्या असत. आता त्या ॲपवर असतात. कोणी तुम्हाला टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतं, 'संस्थांच्या कोट्यातून आयपीओचा हमखास लॉट' देऊ म्हणतं, एक ॲप उतरवून घ्यायला लावतं, त्या ॲपवर तुमचे पन्नास हजार चार दिवसांत ऐंशी झालेले दिसतात, आणि काढायला गेलं की आधी 'कर' भरा म्हणतं. असा कोटा किरकोळ माणसाला मिळतच नाही. कर सरकारला भरतात, दलालाला नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० या हेल्पलाइनला फोन, मग सायबर पोलीस. नोंदणीकृत ब्रोकरविषयीची तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. ठेवी म्हणून गोळा केलेला पैसा बुडवला असेल तर आर्थिक गुन्हे शाखा. महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ पासून आहे.

शेवटी कर

लिस्टेड शेअर बारा महिन्यांनंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकला तर २० टक्के. लिस्ट न झालेल्या शेअरला बाराऐवजी चोवीस महिने, त्यानंतर १२.५ टक्के, आधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे, आणि सव्वा लाखाची सूट इथे नाही. तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन फक्त दीर्घकालीन नफ्यातून.

एक बारीक गोष्ट पगारदारांच्या हमखास नजरेतून सुटते. लिस्ट न झालेल्या कंपनीचा एक जरी शेअर वर्षभरात तुमच्याकडे असला, तर आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म भरता येत नाही. आयटीआर-२ घ्यावा लागतो, आणि त्यात कंपनीचं नाव, पॅन, शेअरची संख्या आणि खरेदीची किंमत लिहावी लागते. म्हणून त्या पाच लाखांच्या फाइलमध्ये ऑफरपत्र, बँकेची नोंद, पास-३ ची पावती आणि डिमॅटचं विवरण यांच्यासोबत कंपनीचा पॅनही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. कंपनी बंद पडल्यावर तो शोधायला फोन उचलणारं कोणी उरलेलं नसतं.